पेन खाली ठेव

मंगळवार, ४ मार्च

आज बॉस तुर्लांनी केबिनमध्ये बोलावलं आणि आधी टेबलावरचा पंखा माझ्याकडे वळवला. हा माणूस स्वतःचा वारा दुसऱ्याला देतो तेव्हा समजावं, काहीतरी वाईट ऐकायचंय. आणि तसंच झालं. सिनेमा-टीव्हीचं माझं पान ईस्टरनंतर अर्ध्यावर येणार.

"निंग, लोक आता पेपर घेतात ते लॉटरीचे आकडे बघायला आणि सुकट गुंडाळायला," म्हणाले. "नट्यांच्या भानगडी त्यांना फोनवर फुकट मिळतात."

"मग सुकटही फोनमध्येच गुंडाळा म्हणावं," मी म्हटलं.

हसले. आणि हसता हसताच म्हणाले, "'ओळखा पाहू' मात्र सोडू नकोस. तुझं तेवढंच वाचतात लोक."

एवढं आयुष्य घातलं या पानात. मुलाखती घेतल्या, मालिकांची परीक्षणं लिहिली, मेलेल्या नटांवर रडून रडून लेख लिहिले. वाचलं काय, तर 'ओळखा पाहू'. कोपऱ्यातली चौकट. नाव घ्यायचं नाही, भानगड सांगायची, दोन-तीन खुणा सोडायच्या, आणि मनिलाभर लोकांनी भात चिवडत डोकं खाजवायचं. नाव न घेणं हे आमच्या धंद्यातलं सोवळं. खबर देणारासुद्धा नाव घेत नाही. तोही खुणाच सांगतो, ओळखायचं आपण. इतक्या वर्षांत माझी एकही ओळख चुकलेली नाही. निदान तेवढं तरी कुणी म्हणावं माझ्याबद्दल.

घरी आले तर इया विचारते, "आई, अर्धं पान म्हणजे तू अर्धाच दिवस कामाला जाणार?" काय सांगू पोरीला.

शनिवार, ८ मार्च

माझा वाढदिवस झाला एकदाचा. गल्लीत टेबलं टाकली, पान्सित शिजवल्या (आयुष्य लांब व्हावं म्हणून या शेवया खायच्या, नको असलं तरी), आणि भाड्याचं कराओकेचं यंत्र आणलं. शेजारच्यांनी घसे फाडले. यंत्राने सगळ्यांना भरभरून मार्क दिले. मला सत्त्याण्णव, मी, जिला शाळेत प्रार्थनेच्या वेळी नुसतं उभं राहायला सांगायचे.

दरवर्षीची गंमत अशी की रेमीला सगळ्यांत कमी मिळतात. रेमी आल्वियार. दुपारच्या कार्यक्रमात गाणारी, जिच्यासाठी आयाबाया जेवणं खोळंबून ठेवतात ती. पडद्यावरच्या शब्दांच्या पुढेमागे होत, थांबत, खेळवत गाते ती, आणि यंत्राला वाटतं हिला येत नाही. ती मार्क बघून दंडवत घालते आणि गल्ली हसून लोळते.

या वर्षी माइक हातातच धरला नाही. लोकांनी गळ घातली, मी घातली, इयाने हात धरून ओढलं. रेमी इयाची धर्ममाय आहे, तिची 'नीनांग', इयाला ती कधी नाही म्हणत नाही. आज नुसती मान हलवली. मार्चच्या या उकाड्यात गळ्याला रेशमी रुमाल, जवळ स्वतःचा थर्मास, त्यातला आल्याचा काढा घोट घोट पीत बसली. बिअरला हात नाही. बोलली तेही कानाशी येऊन, पुटपुटून. मोठ्या बायका मोठ्याने बोलत नाहीत वाटतं. एकाच बोटीतून आलो आम्ही इलोइलोहून, एका खाटेवर आलटून पालटून झोपलो. आता गल्लीतल्या यंत्रावर गायचं म्हणजे हिला नाकापेक्षा मोती जड झाला.

निघताना माझ्या अंबाड्याला हात लावून पेन चाचपलं आणि काहीतरी म्हणाली. यंत्राच्या ठणाण्यात ऐकू आलं नाही. ती जुनी गंमत आमची. खाजगी बोलायचं असलं की ती म्हणते, "पेन खाली ठेव." मी अंबाड्यातलं पेन काढून टेबलावर ठेवायचं. पेन टेबलावर आहे तोवर मी मैत्रीण. बोलून झालं की तीच ते उचलून परत अंबाड्यात खोचते, "झालं. लाग कामाला."

आज गर्दीत कसलं खाजगी. मी आइस्क्रीम वाढायला गेले, परत आले तर ही निघून गेलेली.

बुधवार, १२ मार्च

स्टुडिओच्या कँटीनमध्ये बोयेत भेटला. दुपारच्या कार्यक्रमाचा आवाज सांभाळतो. देवमाणूस, पण आज तोंड सुतकी. आसपास बसलेल्यांकडे बघून खुर्ची जवळ ओढली.

"तुला एक सांगायचंय," म्हणाला. "रोज दुपारी ती उभी राहते, ओठ हलवते. आवाज माझ्या मशीनमधला असतो. जुना. ख्रिसमसपासून चाललंय हे."

"कोण?"

त्याने पलीकडच्या टेबलाकडे डोळ्यांनी खुणावलं. तिथे नाच पथकातल्या मुली बसल्या होत्या. "गळ्याला कायम काहीतरी बांधलेलं असतं," हळूच म्हणाला. "शनिवारी एकोणतीसला कार्यक्रमाचा वर्धापनदिन आहे ना, त्यात तिचं गाणं आहे. मला काळजी वाटते गं. कळलं ना तुला?"

न कळायला काय झालं? शेकिना. एकोणीस वर्षांची, फोनवर नाचून प्रसिद्ध झालेली आणि आता त्याच कार्यक्रमात गाणारी, गळ्यात ते काळे पट्टे घालणारी. गाता येत नाही हे साऱ्या जगाला माहीत, फक्त पुरावा नव्हता. वर्धापनदिनाला तिचंही गाणं आहे, जाहिरातच बघितली मी.

"कळलं," मी म्हटलं.

"मग काहीतरी कर. तुझंच काम आहे ते."

"करते ना," मी म्हटलं. त्याने माझा हात दाबला, डोळ्यांत पाणी आणलं. मला वाटलं, इतकं काय लावून घेतलंय याने. पण कलाकारापेक्षा आवाजवाल्यालाच खोटेपणाचा जास्त संताप येत असेल. रोज त्यालाच बटण दाबावं लागतं.

शुक्रवार, १४ मार्च

आज चौकट आली. चिकटवून ठेवते, बऱ्याच दिवसांनी मनासारखी उतरली.

"ओळखा पाहू: रोज दुपारी तुमच्या ताटासमोर गाणारी ही मैना मुळात गातच नाही. ओठ तिचे, आवाज डब्यातला. गळा नेहमी झाकलेला. आत गळाच नसेल तर?"

शेवटच्या ओळीवर बॉस तुर्ला खो खो हसले. पंखा स्वतःकडेच ठेवला होता. बरं वाटलं. चार लोक आपलं लिहिलेलं वाचून हसतात, याहून जास्त काय मागते मी?

सोमवार, १७ मार्च

लोकांना अक्कल म्हणून नाही. तिन्ही त्रिकाळ फोन. रेमी म्हणतात. रेमी. कुणीतरी फोनवर तिची दोन गाणी शेजारी शेजारी लावून दाखवली, आत्ताचं आणि जुनं, श्वास कुठे घेतलाय तेही तेच. फोनवर गाजायचं तर काहीतरी सनसनाटी हवंच ना या पोरांना. मालिकेतल्या वाईट बाईला बाजारात खऱ्या चपला मारणारे लोक आपले, त्यांना कुणी काहीही दाखवावं. शेकिनाचे चाहते तर मिरवणूक काढायचेच बाकी आहेत, बला टळली म्हणून.

आणि मला बोलता येत नाही. 'ती रेमी नव्हे' असं छापलं तर सोवळं मोडलं. एकीचं नाव वगळलं की उद्या दुसरी येईल, माझंही वगळा म्हणून, आणि वगळत वगळत जी उरेल ती आमच्यावर फिर्याद ठोकेल. बॉस तुर्ला म्हणाले, "गप्प बस. सदर चाललंय, चालू दे."

रेमीला फोन केला. उचलला नाही. मेसेज आला, "गुरुवारी येते घरी. वेळ ठेव." माझ्यावर रागावली असेल का? मी तिच्याबद्दल कधी असलं लिहीन, असं तिला वाटूच कसं शकतं.

गुरुवार, २० मार्च

आज मन जरा निवळलं. माझ्या हातून एक चांगलं काम झालं.

सकाळपासून बसून लेख लिहिला. 'ओळखा पाहू' नाही, सरळ नावानिशी लेख. रेमी आणि मी एका बोटीतून आलो तेव्हा डेकवर ओकाऱ्या काढणाऱ्या माणसांना ती गाऊन कशी झोपवत होती, तिथून सुरुवात. आणि शेवट असा: "शंकेखोरांनो, एकोणतीस तारखेला रेमी आल्वियार वाद्यांशिवाय गाईल. ना पेटी, ना गिटार, ना डबा. ऐका, आणि मग तोंडं बंद करा." सोवळंही राहिलं, मैत्रिणीचं नावही धुतलं गेलं. दुपारच्या कार्यक्रमाच्या निर्मात्यांना फोन केला तर ते उड्याच मारायला लागले.

रेमी आली तेव्हा मी लेख पाठवतच होते. गळ्याला तोच रुमाल, चेहरा उतरलेला. बसली आणि पुटपुटली, "पेन खाली ठेव."

"थांब गं बाई," मी म्हटलं. "आत्ता नाही. आज वार्ताहरच तुला वाचवतोय, मैत्रिणीचं नंतर बघू." आणि तिला सगळा लेख मोठ्याने वाचून दाखवला, बोटीपासून.

शेवट ऐकून तिने हातातला थर्मास खाली ठेवला. मग एवढंच, तेही कुजबुजून, "पाठवलंस?"

"हे काय, आत्ताच गेलं."

तिने डोळे मिटले, माझे दोन्ही हात धरले आणि हसली. डोळे भरून आले होते. आनंदाने बोलताच येईना तिला. जाताना दारात थांबली, माझ्या अंबाड्याकडे बघितलं, मग वळून गेली. थर्मास इथेच विसरली.

इया म्हणते, "नीनांग रडत होती." मी म्हटलं, मोठेपणी तुझ्यासाठी कुणी असं काही केलं तर तूही रडशील.

शनिवार, २९ मार्च

लिहवत नाही. लिहिलं नाही तर वेड लागेल.

दिवे मंद केले. वाद्यवाले बाजूला झाले. ती एकटी, पांढऱ्या पोशाखात, गळा उघडा. पहिलं कडवं गायली. आवाज खरखरीत होता, पण तिचाच होता. माझ्या शेजारच्या बाईने मला कोपर मारलं, "बघा, गाते की." मी रडायला लागले. अभिमानाने रडत होते मी, बावळट.

दुसऱ्या कडव्यात जिथे ती चढते तिथे चढली, आणि काही आलंच नाही. तोंड उघडं, मान ताणलेली, आवाज नाही. तिने हातरुमाल तोंडाला लावला, तो लाल झाला. आणि तेवढ्यात आवाज आला. भरलेला, मोकळा, पंचविशीतला रेमीचा आवाज, ते कडवं अगदी जसंच्या तसं. बोयेतला बघवलं नाही, त्याने बटण दाबलं. तिचं तोंड रुमालाखाली बंद होतं आणि तिचं गाणं हॉलभर चाललं होतं.

कुणीतरी हसलं. मग खूप जण हसले. निवेदकाने जाहिराती लावायला सांगितलं.

रविवार, ३० मार्च

हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बोयेत बसला होता. मला बघून उठला नाही.

"गळ्यात स्वरतंतूंवर गाठ होती," म्हणाला. "डॉक्टरांनी महिनाभर मौन सांगितलं होतं, मग ऑपरेशन. मौन पाळलं तर आवाज वाचेल म्हणाले होते. वर्धापनदिन ओठ हलवून उरकायचा आणि दुसऱ्या दिवशी दाखल व्हायचं, एवढंच ठरलं होतं."

मी म्हटलं, "मला कुणी का नाही सांगितलं?"

"मी सांगितलं ना तुला. कँटीनमध्ये. त्या मुली ऐकत होत्या, म्हणून नाव नाही घेतलं."

मी म्हटलं, मला वाटलं शेकिना.

"शेकिनाची मला कशाला काळजी वाटेल? तुला म्हणून सांगितलं. तुझी मैत्रीण म्हणून. काहीतरी कर म्हटलं, तर तू छापलंस. मला वाटलं, धंद्यापुढे हिला मैत्रीण दिसत नाही. म्हणून गप्प बसलो."

"मला माहीत नव्हतं बोयेत."

"मग दुसरीबद्दल असतं तर बरं होतं का ते?"

शेकिनाला रडताना बघून मी शांत झोपले असते, हे खरं आहे, आणि ते इथे लिहून ठेवते. बोयेतने विचारलं नसतं तर मला ते कधी सुचलंही नसतं.

आणि ती? एवढं होऊन गायला का उभी राहिली? "नाही" म्हणायला होती ना मुभा? सकाळपासून हेच डोक्यात. मग आठवलं, मी विचारलं कुठे होतं. वाचून दाखवलं होतं.

बुधवार, ९ एप्रिल

ऑपरेशन झालं. बोलणं येईल म्हणतात, खरडल्यासारखं, आणि तेही काही महिन्यांनी. गाणं नाही. तिची बहीण कोरा भेटली, तिनेच सांगितलं. तिने मला आत सोडलं नाही, दारात उभं राहून सांगितलं आणि दार लावून घेतलं. योग्यच केलं.

हॉलमधला तो तुकडा सगळीकडे फिरतोय. पोरं तोंडावर रुमाल धरून नाचतात, मागे तिचं गाणं. शेकिनानेही तो नाच टाकला होता, मग काढून टाकला, माफी मागितली. त्या पोरीत माझ्यापेक्षा माणुसकी आहे.

बॉस तुर्लांनी आज पुन्हा पंखा माझ्याकडे वळवला. "तू तिची मैत्रीण. तुला आत घेतील. एक मुलाखत आण, ईस्टरच्या अंकात पहिल्या पानावर. पान अख्खं राहील, शब्द देतो."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. आलं काय, तर "बघते."

शुक्रवार, १८ एप्रिल. गुड फ्रायडे

आज टीव्ही बंद, स्टुडिओ बंद, पेपर नाही. रस्ते रिकामे. फक्त गल्लोगल्ली मांडव, आणि लाउडस्पीकरवर पासिओन, येशूच्या दुःखाचं ते लांबलचक गाणं, आळीपाळीने गाणाऱ्या बायका आणि शेजारी आल्याच्या काढ्याचं पातेलं. दरवर्षी रेमी तिच्या गल्लीत गायची, फुकट, पहाटेपासून. मी कधी ऐकायला गेले नाही. सुट्टीचा दिवस म्हणून झोपायचे.

कोराचा सकाळी फोन आला. "ये. तिने बोलावलंय. माझी इच्छा नाही, पण ये." थर्मास घेतला. बाकी काही न्यायचं नाही असं ठरवलं होतं, तरी वही पिशवीत होती आणि पेन अंबाड्यात. हात सवयीने करतात. की सवय हे नुसतं निमित्त? स्वतःचंसुद्धा आता खरं वाटत नाही.

ती खिडकीशी बसली होती, गळ्याला पट्टी. खालच्या गल्लीतल्या मांडवातून पासिओन ऐकू येत होतं. तिचे ओठ त्याबरोबर हलत होते. ओठ तिचे, आवाज खालून. माझीच चौकट होती ती, शब्दन् शब्द. फक्त आता खरी झाली होती.

मला बघून तिने हात पुढे केला. मला वाटलं लिहायला काहीतरी हवंय. वही काढून दिली. तिने ती घेतली नाही. मला जवळ ओढलं, अंबाड्यातलं पेन स्वतः उपसलं आणि टेबलावर ठेवलं. मग वाट बघत बसली.

त्या दिवशी पाच मिनिटं ठेवलं असतं तर.

सगळं सांगितलं तिला. कँटीन, शेकिना, आत गळाच नसेल तर या ओळीवर मी खूश झाले होते ते, वाढदिवसाला तिला मनात गर्विष्ठ म्हटलं होतं ते, बॉस तुर्लांचं अख्खं पान आणि माझं "बघते" सुद्धा. माफ कर म्हटलं नाही. कुठल्या तोंडाने म्हणू. माझा आवाज चिरकत होता आणि मला त्या आवाजाची लाज वाटत होती, की माझा आहे, चालतोय, कशाला चालतोय.

तिने मान खाली घालून सगळं ऐकलं. खाली बायका बदलल्या, दुसरा आवाज लागला, बेसूर. तिने एकदा कपाळाला आठी घातली, पूर्वी माझ्या गाण्यावर घालायची तशीच. नंतर डोळे मिटून घेतले. ओठ हलायचे थांबले होते.

माझं बोलणं संपलं. तिने टेबलावरचं पेन उचललं, थोडा वेळ हातात धरलं, आणि माझ्या अंबाड्यात खोचलं. हळूच, दरवेळी खोचायची तसंच. झालं. लाग कामाला.

म्हणजे काय? लिही म्हणाली? माफ केलं म्हणाली? की आपलं बोलणं संपलं, आता जा? मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ती खिडकीकडे वळली होती. कोराने दार उघडून धरलं. आयुष्यभर लोकांच्या खुणा ओळखल्या मी, आणि ही मला ओळखता येत नाही.

घरी आले. बॉस तुर्लांचा फोन येऊन गेला, परत येतोय. इया विचारते, नीनांग काय म्हणाली. मी तिला म्हटलं, तुझी पेन्सिल दे जरा.

हे त्या पेन्सिलीनेच लिहितेय, पेन अजून अंबाड्यातच आहे. रेमीने खोचलंय, मी काढणार नाही.